कोजागिरीची सुई

मनकर्णेनं डोळे गच्च मिटले, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि सुईचं नेढं बोटांनी शोधायला लागली. कापसाच्या खोलीत तिच्याशिवाय कोणी नव्हतं. झरोक्यातून दुपारचं ऊन सरळ तिच्या मांडीवर पडलं होतं. डोळे उघडले असते तर हे काम पोरीटोरींचं होतं. पण दोरा नेढ्याच्या बाजूनं घसरला, पुन्हा ओला केला तर पुन्हा घसरला, आणि एकदाचा गेला असं वाटून तिनं ओढला तर मोकळाच हातात आला.

"आतमंदी काय करून राहिली वं? कापसात झोपली काय?" बाहेरून सासूचा आवाज आला.

"आली, आत्याबाई."

तिनं घाईघाईनं डोळे उघडून सुई ओवली, ती तशीच पदराच्या टोकात खुपसली आणि वरून गाठ मारली. डोळे मिटून जमत नाही, तर ओवलेली सुईच जवळ बाळगायची आणि ऐन वेळी हातचलाखी करायची. ही देवाशी लबाडी होती. पण देवानं तरी तिच्याशी कुठं सरळ वागणूक ठेवली होती!

भातकुलीजवळच्या त्या गावात शालिकराम माळ्याच्या, म्हणजे तिच्या सासऱ्याच्या, घरी कोजागिरीची एक रीत होती. चंद्र हातभर वर आला की घरच्या बायांनी अंगणात बसून चांदण्याच्या उजेडात सुईत दोरा ओवायचा आणि मग दूध प्यायचं. जिचा दोरा गेला तिची नजर वर्षभर शाबूत राहते, असं म्हणत. एरवी हा सगळा हसण्याखिदळण्याचा मामला. मनकर्णेला मात्र त्यात हसता येत नव्हतं, कारण चांदणं कसं दिसतं हेच ती विसरून गेली होती.

पोळ्याच्या सुमारास हे सुरू झालं. दिवसा सगळं लख्ख दिसायचं. कापसातली काडी दिसायची, आभाळातली घार दिसायची. पण दिवस बुडाला की डोळ्यांपुढं कोणी चुलीतली राख उधळावी तसं व्हायचं. मग समोर माणूस आहे की खांब, कळायचं नाही. दिव्याची ज्योत तेवढी दिसायची, तीही पिवळा डाग पडल्यासारखी. पहिल्यांदा तिला वाटलं, पाचवा महिना लागतोय, अशक्तपणा असेल. मग एका तिन्हीसांजेला ती विहिरीवरून येताना विहिरीकडेच परत चालत गेली. पायाखाली काठाचा दगड लागला म्हणून वाचली. त्या दिवसापासून तिनं सांजेला विहिरीवर जाणं सोडलं.

कोणाला सांगायची सोय नव्हती. तिच्या माहेरी, कौंडण्यपूरला, शेजारच्या गंगूबाईच्या लेकीचं असंच झालं होतं. सासरच्यांनी तिला गाडीत घालून परत आणून सोडलं. वर म्हणाले, आंधळी पोर गळ्यात मारली, आता आंधळीच्या पोटी आंधळंच निपजणार. ती पोरगी अजून बापाच्या दारात बसलेली होती आणि तिच्या पाठच्या बहिणीला कोणी विचारत नव्हतं. मनकर्णेच्या पाठीवरही एक बहीण होती. बाप देवळापुढं फुलं विकत होता. त्याच्या दारात अशी गाडी जाऊन थांबली, तर तो काय करील, हा विचार तिनं कधी पुरता केलाच नाही. अर्ध्यावरच ती उठून दुसऱ्या कामाला लागायची.

म्हणून ती दिवसाउजेडी सगळं आटोपून घ्यायची. भाकरी दिवस असतानाच, भांडी दिवस असतानाच. तरी एकदा शेजारून आणलेल्या ताकाचं गाडगं लाथाडलं गेलं, एकदा पाण्याचा तांब्या थेट सासऱ्याच्या पायावर आदळला.

"डोये कुठी ठेवले होते?" तेव्हा सासू, पार्बताबाई, कडाडली होती, आणि मनकर्णा खाली बसून सांडलेलं पाणी पुसत राहिली होती.

सासू मोठी कडक होती. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही ही गावभर ख्याती. किडकी सरकी निवडायला शेजारपाजारच्या बाया तिला बोलावत, आणि ती अंधूक उजेडातही सूप हलवता हलवता बरोबर खराब दाणा उचलून फेकायची. अशा बाईच्या डोळ्यांत धूळ फेकायची म्हणजे वाघाच्या गुहेत राहून वाघालाच चुकवायचं. अलीकडे तर तिनं नवाच हुकूम काढला होता. "सांज झाली का उंबऱ्याभाईर पाय टाकाचा नाही. पोटुशी बाई अन् गावभर हिंडते!" शेजारणी म्हणत, पार्बताबाईनं सुनेला पार कोंडून घातलं. मनकर्णेला ती बोलणी साखरेसारखी गोड लागत. बाहेर जायचंच नाही म्हटल्यावर अर्धी भीती आपोआप सरायची.

नवऱ्याचं दुःख वेगळंच होतं. सूर्यभान गेल्या सालच्या कापसाची गाडी घेऊन अमरावतीच्या बाजारात जायचा आणि दिवेलागणीनंतर परतायचा. एकदा तो तिच्याजवळ बसून हळूच म्हणाला होता, "सकायी चांगली बोलते. रात्री माह्याकडे पाहतबी नाही. रागावली काय माह्यावर?"

"नाही."

"मंग तिकडे कोनाकडे पाहून राहिली?"

तो तिच्या डाव्या हाताला बसला होता आणि ती उजवीकडे पाहून बोलत होती. तिनं तोंड फिरवून झोपेचं सोंग घेतलं. राग आहे असंच त्याला वाटू दिलं, कारण रागावलेल्या बायकोला कोणी माहेरी पोचवत नाही.

कापसाला त्या दिवसांत असा काही भाव आला होता की जुनी माणसं डोक्याला हात लावून बसत. सातासमुद्रापलीकडे कुठं लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता, आणि त्या लढाईचं सोनं वऱ्हाडातल्या काळ्या मातीत उगवत होतं. कोण्या गावच्या पाटलानं म्हणे गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा ठोकल्या. शालिकरामानं तेवढं केलं नाही, पण बायकोला आणि सुनेला सोन्याच्या पाटल्या घडवल्या. पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला पिकवणारं ते घर. आता जिथं तिथं कापसाची पऱ्हाटी. ज्वारी नाही म्हणून कडबा नाही, कडबा नाही म्हणून म्हैस विकली. मोटेचे बैल कापसाच्या गाडीला जुंपले, म्हणून मळा वाळला. विहिरीजवळ चार वाफे उरले होते, त्यांत थोडा चुका, थोडा सांभार म्हणजे कोथिंबीर. तेवढीच हिरवी भाजी घरात यायची आणि पुरुषांच्या ताटात संपायची. मागून बसणाऱ्या बायांना भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वरणाचं पाणी. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. पोट तर भरत होतं.

आणि अशात दुर्गाबाई आली.

दुर्गाबाई ही शालिकरामाची थोरली बहीण, अकोल्याला दिलेली. नवरा कापसाची दलाली करायचा, त्यामुळे तिच्या बोलण्यात भाव-बाजार आणि गळ्यात नवी एकदाणी. दमणी अंगणात थांबली तेव्हा ती उतरतानाच म्हणाली होती की माहेरची कोजागिरी चुकवायची नाही. सूर्यभानासाठी तिनं आपल्या दिराची मुलगी, शालू, सुचवली होती, आणि ते स्थळ हुकलं हे ती विसरली नव्हती. आल्या दिवशीच सांजेला मनकर्णा ओसरीत तिच्या अंगावर जाऊन धडकली. तेव्हापासून ती सुनेच्या चालण्याकडं बारीक लक्ष ठेवून होती.

कोजागिरीच्या दुपारी जेवणं झाल्यावर ती भावाला म्हणाली, "ते विहिरीजवयचे वाफे कशाले ठेवले रे शालिक? मोडून टाक. मोट काढून इकून टाक. अकोल्यात कोनी आता मोट हाकत नाही."

"म्याबी तेच म्हनतो," शालिकराम म्हणाला. "दोन बैल उगाच आठवड्यातून दोनदा मोटेले अडकते."

"इकाले नका ठेवू," पार्बताबाई चुलीजवळून म्हणाली, "खायाले ठेवा. अजून दोन वाफे पालक-चाकवताचे टाका म्हनते मी."

"खायाले हाटात भेटते."

"हाटात कोन आनन? बंद्या गावानं कापूसच पेरला."

शालिकराम हसला. "तुह्या हातातल्या पाटल्या कशाच्या आल्या? चाकवताच्या का कापसाच्या?"

दुर्गाबाईला त्याचं इतकं हसू आलं की पान तिच्या तोंडातून सांडायची वेळ आली. सूर्यभानही हसला. पार्बताबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. बाईमाणसाच्या सांगण्यावरून बैल वळत नाहीत हे तिला नवं नव्हतं. मनकर्णा भांडी घेऊन बाहेर गेली. जाता जाता दुर्गाबाईचं बोलणं तिच्या कानावर पडलं. "अन् सूनबाईचं काय? सांजच्याले ती भिताडाले धरून चालते. म्या पाह्यलं. आज सुई ओवताना समजन."

पदरातली गाठ तिनं मुठीत घट्ट धरली.

दिवस कलला तशी ती आधीच अंगणात जाऊन बसली. उजेड आहे तोवर जागा नीट पाहून ठेवली. इथं घोंगडी, तिथं विकत आणलेल्या दुधाची चूल, पलीकडं ओटा. ओट्यावर पुरुष बसतील. दुर्गाबाई बसेल ती चुलीच्या अंगाला. वेचणीआधीची सीतादहीची पूजा नुकतीच होऊन पहिल्या वेच्याचा कापूस घरात आला होता. दिवसभर तो निवडून तिच्या लुगड्याला, केसांना पांढरे धागे चिकटले होते. ते तिनं झटकले आणि पदराची गाठ सैल करून सुई बोटांच्या टोकाशी आणून ठेवली. सूर्य पऱ्हाटीच्या आड गेला. लाल उजेड राखाडी झाला, मग नेहमीप्रमाणे सगळं विझलं.

"काय चांदनं पडलं वं, बाप्पा!" दुर्गाबाई म्हणाली. "सुई काय, सुईचं नेढं दिसन."

मनकर्णेनं मान वर केली. वर कुठंतरी ताकासारखं पांढरट काही होतं. बाकी अंगण, माणसं, झाडं, सगळं एकच काळोख.

कागद कुरकुरला. "यंदा माह्या सुया घ्या," दुर्गाबाई म्हणाली. "अकोल्याच्या बजारातून आनल्या, विलायती. तुमच्या त्या दाभनावानी नाही. एकच सुई, बारीबारीनं सगयीनं ओवाची."

मनकर्णेचा पदरातला हात तिथंच थिजला. ओवलेली सुई आता मातीमोल झाली होती.

दुर्गाबाईनं पहिल्यांदा स्वतः ओवली. एकदा चुकली, स्वतःलाच शिवी हासडली, मग "गेला!" म्हणून ओरडली. ओट्यावरून शालिकरामानं शाबासकी दिली. दोरा पुन्हा काढल्याचा बारीक आवाज झाला.

"घे वं सूनबाई."

घे म्हणजे कुठून घे? आवाज समोरून आला होता. तिनं हात पुढं केला. हाताला काही लागलं नाही. थोडा उजवीकडं नेला, तिथंही नुसती हवा. मग खाली आणला. दुर्गाबाई काही बोलेना. तिनं सुई पुढंही केली नाही आणि मागंही घेतली नाही, हे मनकर्णेला न दिसताही कळलं. ती पाहत होती. ओट्यावरचं बोलणं थांबलं. चुलीवरचं दूध तेवढं रटरटत होतं.

"काहून वं?" दुर्गाबाई अगदी हळू म्हणाली. "हे काय, माह्या हातातच हाये सुई. दिसत नाही काय?"

मनकर्णेच्या पोटातलं लेकरू एकदम हललं. आता खोटं बोलायला जीभही वळेना. डोळे भरून आले आणि तिनं ते पदरानं पुसले. पुसू नये ते पुसलं, कारण आता सगळ्यांनाच कळलं असणार.

"तिले काय धरून बसल्या, बाई!" पार्बताबाईचा आवाज आला, खणखणीत. "सासूच्या आदी सून ओवते काय? हे कुठची रीत? आना ती सुई इकडे."

बांगड्या वाजल्या. सुई एका हातातून दुसऱ्या हातात गेली. मग दोरा ओठांत ओला केल्याचा आवाज आला.

"गेला काय वं दोरा?" पार्बताबाईनं विचारलं.

"कुठी गेला!" दुर्गाबाई म्हणाली. "सुई उलटी धरली तुनं, पार्बते. नेढं खाली हाये."

सूर्यभान हसला. आईची गंमत चालली आहे असं त्याला वाटलं. पण पार्बताबाई हसली नाही. तिनं पुन्हा दोरा ओला केला, पुन्हा काही जमलं नाही, आणि मग सुई हातातून पडली. जमिनीवर तळवा थापटत ती सुई शोधते आहे हे ऐकू येत होतं. सूर्यभानाचं हसू मध्येच थांबलं.

"राहू द्या," पार्बताबाई म्हणाली. "मले दिसत नाही."

"म्हंजे?" शालिकराम ओट्यावरून उतरला.

"म्हंजे दिसत नाही. दिवस बुडला का डोयापुढं कोनी राख उधयल्यावानी होते. समोर मानूस हाये का खांब, समजत नाही. पोया झाला तवापासून."

मनकर्णेनं पदर डोळ्यांवरून खाली घेतला. राख उधळल्यासारखं. मनातल्या मनात ती हेच म्हणत होती, शब्द न् शब्द हेच. म्हणजे सासूलाही? म्हणजे एका घरात, एका चुलीपुढं, दोघी बाया एकमेकींपासून हेच लपवत होत्या? तिला एकदम इतकं मोकळं वाटलं की त्याची लाजही वाटली.

"अन् सांगतलं नाही?" शालिकरामाचा आवाज फाटल्यासारखा झाला. "ताकाचं गाडगं..."

"मीच लवंडलं. बोलनी सूनबाईनं खाल्ली. म्या तिले शपथ घातली होती, कोनाले सांगशीन तर माहं मेलेलं तोंड पाहाशीन. रोज सांजच्याले हात धरून तीच मले हिंडवते."

हे मात्र धडधडीत खोटं होतं. मनकर्णेनं सासूचा हात आजवर धरला नव्हता. ती बोलली नाही. दुर्गाबाई बोलली.

"मंग हिचा हात काहून चाचपडत होता?"

"तुमी लंगड्या मानसासंग दीड महिना चालून पाहा, बाई. तुमीबी लंगडान."

"मले नको शिकवू. आंधयी बाई घरात म्हंजे..."

"म्हंजे काय? माहेरी धाडता मले?" पार्बताबाई म्हणाली. "धाडा. माह्या बापाचं घर कवाच पडलं, तिथी आता बकऱ्या बसते. अन् दुसरी आनाची असन तर आना. तुमची शालू या म्हाताऱ्याले देता काय?"

सूर्यभानाला ठसका लागला. "काहीबाही बोलू नको," शालिकराम म्हणाला आणि बायकोजवळ खाली बसला. तीस वर्षांत तो तिच्याजवळ असा चारचौघांत बसला नसेल. "वैदाले दाखवू. अमरावतीले नेतो तुले. पैशाची काही कमी नाही आता."

"वैद काय करन? माह्या माईले हेच झालं होतं, मोठ्या दुकायात. घरात पाला म्हनून नव्हता. सांज झाली का मले हाक मारे, पोरी, डोयापुढं राख उधयली, मले जागेवर बसव. मंग पानी पडलं, भाजी झाली, शेवग्याचा पाला, चाकवत, जे भेटन ते खाल्लं, अन् महिन्याभऱ्यात नजर आली तिची. डोये ताटातून येते, वैदाच्या पुडीतून नाही." मग तिनं आवाज खाली आणला. "तुमचा कापूस असू द्या. मले चार वाफे जास्तीचे द्या. अन् एक दुभती गाय."

कापसाच्या भावाची, गाडीच्या खेपांची सगळी आकडेमोड शालिकरामाच्या डोक्यात चालू असणार. पण किडकी सरकी निवडणारी ही नजर गेली तर पुढचं पेरणार काय, हेही तो जाणून होता. नुसतं तेवढंच नव्हतं. त्याचा आवाज आला तो अजून बायकोजवळूनच, खालून.

"सूर्यभान," तो म्हणाला, "उद्या बैल गाडीले नको जुंपू. मोटेले जुंप."

"अन् आजून एक," पार्बताबाई म्हणाली. "मी आता दिवस असतानाच जेवीन, तुमच्या आदी. अन् सूनबाई माह्या ताटात जेवन. मले घास दिसत नाही, भाजी कुठी अन् भाकर कुठी ते कोन दाखवन?"

बायकांनी पुरुषांच्या आधी जेवायचं, हे त्या घरात कधी घडलं नव्हतं. पण आंधळ्या माणसाला रीत कोण सांगणार? दुर्गाबाईनं नाकातून हुं करून दूध ओतायला घेतलं. सुई मात्र तिनं पुन्हा कोणापुढं केली नाही. ती अंगणाच्या मातीतच कुठंतरी हरवली होती.

दूध पिऊन झालं. शालिकराम आणि सूर्यभान मोटेचा दोर पाहायला गोठ्याकडं गेले. दुर्गाबाईनं ओट्यावर अंथरूण टाकलं.

"सूनबाई, हात धर माहा," पार्बताबाई म्हणाली. "भांडे इसळून टाकू."

मनकर्णा उठली. सगळ्यांच्या देखत तिनं सासूचा हात धरला, आणि तिचे पाय जमिनीला खिळल्यासारखे झाले, कारण न्हाणी कुठल्या दिशेला तेही तिला सुचेना. सासूच्या बोटांनी तिचं मनगट जरासं दाबलं, डावीकडं. ती डावीकडं वळली. पुन्हा दाब आला, तशी ती थांबली, पायानं चाचपलं, तर न्हाणीचा दगड. दीड महिन्यात अंधारात पहिल्यांदा ती कुठं ठेचकाळली नाही. तीस वर्षांचं घर आहे, पायांना पाठ असेल, असं तिला वाटलं.

पार्बताबाईनं तिला दगडावर बसवलं आणि पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला. मनकर्णेला खूप बोलायचं होतं. बोलता आलं ते एवढंच.

"आत्याबाई, तुमाले लय भेव वाटत असन नाही? रात्रीचं?"

सासूनं खरकटी भांडी तिच्यापुढं सरकवली.

"आता नको वाटू देऊ भेव," ती म्हणाली. "भांडे इसळ. मी तुह्या सासऱ्याची चादर टाकून येते."

तिची पावलं ओट्याकडं निघाली. भरभर, कुठंही न अडखळता. मग मध्येच थांबली. चांगल्या चार-पाच हातांवरून तिचा आवाज आला, ओट्यावर पोचणार नाही इतका हळू.

"डाव्या पापनीले कापूस लटकला हाये तुह्या. काढून टाक, डोयात जाईन."

मनकर्णेनं बोट पापणीला नेलं. ओल्या पापणीवरून कापसाचा एक बारीकसा धागा बोटाला चिकटून आला. तिला तो दिसला नाही, फक्त लागला. तांब्या मांडीवर तसाच धरून ती बसली आणि पाणी तिच्या पायांवर सांडत राहिलं.

तिकडं पावलं एकाएकी मंदावली. ओट्याच्या भिंतीवरून बांगड्या घासत, हळूहळू, अडखळत पुढं सरकल्या.

"जपून वं पार्बते," दुर्गाबाई अंथरुणावरून म्हणाली. "म्होरं पायरी हाये."

"कुठी?" पार्बताबाईनं विचारलं.